वाट्याचं दावं

माझ्या बहिणीची पोरगी शेवटी बहिणीकडेच राहिली. पुरती राहिली. हात, पाय, दोन्ही कान, रडणं, सगळं तिच्याच वाट्याला आलं.

आता हे जे वर लिहिलंय ते घडलंच नाही असं धरून चाला. मीही तसंच धरतो. कारण त्या दिवसांत हे आम्हाला सांगायला कुणी आलं नव्हतं, आणि तुम्हाला तेवढा धीर फुकटात मिळावा इतकं काही माझं मन मोठं नाही. तर पोरगी कुणाची, हे अजून ठरायचं आहे.

बहीण माझी जिवली. रानशेतच्या वरच्या अंगाला एका पाड्यात तिचं घर आहे. कुडाचं, शेणानं सारवलेलं, दाराला कडी नसलेलं. नवरा रघ्या खलाशी. नारळी पुनव झाली की तो गुजरातच्या बोटीवर जातो आणि पाऊस डोक्यावर आला की परत येतो. मधल्या काळात तो फक्त फोनवर असतो, तेही बोट किनाऱ्याजवळ आली तर. मी नविन, जिवलीचा धाकटा भाऊ. अच्छाडच्या नाक्यावर एका ढाब्यात ट्रकवाल्यांना रोट्या वाढायचो. जिवलीचे दिवस भरत आले तेव्हा आईनं मला तिच्याकडे धाडलं. म्हणाली, "तुझा तसा काय उपयोग नाय, पण घरात पुरुषमाणूस दिसलेला बरा."

मी दिसायला गेलो.

आता सोनीबाई. ही टेकाडावर एकटी राहायची. नवरा नाही, पोर नाही, बकऱ्या मात्र गोठाभर. पाड्यात कुठल्या बाईवर वेळ आली, म्हणजे नवरा मेला, नवरा पळाला, किंवा नवरा जागेवर असून उपयोग नाही, की सोनीबाई एक तरणी बकरी घेऊन तिच्या दारात उभी राहायची. दावं त्या बाईच्या हातात द्यायची. बाईनं बकरीच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला की झाला व्यवहार. बकरी वाट्यानं गेली.

वाट्याचा कायदा सोपा आहे. बकरी तू सांभाळ. दूध तुझं, लेंड्या तुझ्या. पहिलं करडू मालकिणीचं. ते पाला खायला लागलं की मालकीण येते, आपल्या हातानं दावं सोडते आणि करडू घेऊन जाते. त्या दिवसापासून बकरी तुझी आणि पुढचं सगळं तुझं. लिहिणं नाही, अंगठा नाही. पाड्यातली अर्धी घरं या कायद्यावर उभी आहेत. शेजारच्या नवशी मावशीनं असल्या एका बकरीच्या जिवावर सगळ्या पोरी उजवल्या आणि वर घरावर पत्रे घातले.

आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे करडू जन्मलं की सोनीबाई येऊन त्याच्या डाव्या कानावर कोळशानं रेघ ओढून जायची. करडू पाला खायला लागलं की त्या रेघेवर पातं चालायचं. तिच्या सगळ्या बकऱ्यांचे डावे कान चिरलेले. दुसरी गोष्ट दाव्याची. दावं ती स्वतः वळायची, अंबाडीचं, आणि देताना बजावायची, "ह्यानं दुसरं काय बांधू नको. दावं जे धरील ते वाट्यात आलं."

सगळ्या बाया मान हलवायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारीचं दावं कुणी लाकडाच्या मोळीला लावू नये म्हणून केलेली ही युक्ती असेल.

जिवलीला काबरी मिळाली. अंगावर ठिपके, डोळ्यांत कायम तक्रार. काबरी गाभण असतानाच, शेतात भात पोटरीला आलं होतं तेव्हा, सोनीबाई मेली. तिचा भाचा बाबल्या सरावलीहून टेम्पो घेऊन आला. त्यानं अंत्यविधी केला, बकऱ्या भरल्या, दार उचकटलं, तेही भरलं आणि गेला. टेकाडावर उरल्या नुसत्या कुडाच्या भिंती आणि रिकामा गोठा.

काबरीचं पहिलं करडू मेलेलंच निघालं. मेलेलं धरत नाहीत. पुढचं जिवंत निपजेल ते पहिलं. त्याच आठवड्यात जिवली बाळंत झाली. मुलगी. नाव रघ्या आल्यावर ठेवायचं, तोवर धाकली.

धाकलीला झोळी बांधायची तर दोरी हवी. घरात रघ्यानं आणलेली बोटीची नायलॉनची दोरी होती, पण ती आढ्याला घासून करकर आवाज करायची आणि पोरगी दचकायची. बकरीला असल्या आवाजाचं काही वाटत नाही. म्हणून नायलॉन गेलं बकरीच्या गळ्यात आणि अंबाडीचं मऊ दावं लागलं झोळीला. कुठल्याही शहाण्या आईनं हेच केलं असतं. शिवाय सोनीबाई तर गेलेली. तिचं दावं आता कुणाचंच नव्हतं.

असं आम्हाला वाटलं.

पौष अर्ध्यावर आला होता. धाकली नुकती मान धरायला लागली होती. दुपारची वेळ. मी अंगणात खाटेवर पडून पुरुषमाणूस दिसत होतो. जिवली पाण्याला गेलेली. पाड्यात आवाज म्हणून नव्हता. कुत्रीसुद्धा कुणीतरी गप्प बस म्हटल्यासारखी एका बाजूला तोंड करून बसली होती. जिवली आली, हंडा ठेवला, आत गेली आणि तिनं मला हाक मारली ती अगदी हळू मारली. मोठ्यानं मारली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

झोळी रिकामी होती आणि झुलत होती. थांबत आलेली नव्हती. कुणीतरी आत्ता झोका दिल्यासारखी, चांगली लांब झुलत होती.

आम्ही घर पालथं घातलं. घर पालथं घालायला फार वेळ लागत नाही. मग मी टेकाडाकडे का धावलो हे मला सांगता येणार नाही. तिकडून रडण्याचा आवाज आला म्हणावं तर तोही नव्हता.

सोनीबाईच्या गोठ्यात ताज्या पाल्याचं अंथरूण होतं. उंबराच्या डहाळ्या आढ्याला टांगलेल्या, खालून खाल्लेल्या, बरोबर बकरीचं तोंड पोचेल तिथवर. जमिनीवर लेंड्या होत्या. मी एकीला हात लावून पाहिला. गरम होती. बकरी एकही नव्हती. आणि मधोमध धाकली पाय हलवत पडली होती, अंगाला तेल चोळलेली, ओठांवर दुधाचा पांढरा ओघळ. मी तिला उचललं तर तिनं मला ढेकर दिली.

"कुणीतरी वेडी बाई असंल," जिवली म्हणाली. "पोर नसलेली."

"तेल लावणारी वेडी चांगलीच म्हणायची," मी म्हणालो.

"गप रे नव्या."

दोन दिवसांनी परत तेच झालं. मग एक दिवसाआड होऊ लागलं. दारात मी आडवा झोपलो तरी झालं. दुपारी कधीतरी डोळ्यांवर क्षणभर झापड यायची, अन् झोळी हलकी व्हायची. आम्ही टेकाडावर जायचो, पोरगी घेऊन यायचो. सवय झाली असं म्हणणार नाही, पण वाटेवरचे काटे मी काढून ठेवले.

या सगळ्यात एकच माणूस आनंदात होतं. अंगणवाडीच्या सुषमाताई. धाकली जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून त्यांनी तिला लाल खुणेत टाकलं होतं. आता त्या वजनकाट्याकडे बघत राहिल्या.

"जिवली, अगं काय देतेस काय हिला?"

"अंगावरच पाजते, ताई."

"अर्ध्या दिवसाचं तरी दूध जास्तीचं दिसतंय हे! मी तुझा फोटो वर पाठवते. बाकीच्या आयांना तू जरा समजावून सांग काय करतेस ते."

जिवली माझ्याकडे बघायला लागली. मी वजनकाट्याकडे बघायला लागलो. काय समजावणार? पोरगी दुपारी मेलेल्या बाईकडे ठेवावी?

त्याच संध्याकाळी रघ्याचा फोन आला. मागे समुद्र घरघरत होता.

"पोरगी कशी हाय?"

"अर्धी बरी हाय," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे बरी हाय. तू मासे पकड."

मग मी ठरवलं की आता मी पहारा देतो. खरा पहारा. दुपारी जिवलीला भाकरी थापत चुलीपाशी बसवलं आणि मी झोळीखाली ठाण मांडलं. झापड येणार हे ठाऊक होतं, म्हणून एक हुशारी केली. झोळीच्या दाव्याचं लोंबणारं टोक माझ्या मनगटाला पक्कं बांधलं. पोरगी उचलली गेली की दावं ओढलं जाईल आणि मी जागा होईन. माझ्या आयुष्यात मी फार हुशाऱ्या केलेल्या नाहीत. ही त्यांतली सगळ्यात मोठी.

चुलीवर भाकरी पालटल्याचा आवाज आला. मग तो आवाज खूप लांबून आला. मग कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून खाली, सावकाश, खरखरीत हात. बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा मी सोनीबाईच्या गोठ्यात होतो. गुडघे पोटाशी घेऊन, पाल्यावर, धाकलीच्या शेजारी. तोंडात दुधाची चव. दूध कोमट होतं आणि त्याला धुराचा वास होता. उंबराची एक डहाळी माझ्या तोंडापाशी कुणीतरी आणून ठेवली होती. बाहेर ऊन तसंच होतं. दाराच्या रिकाम्या चौकटीत जिवली उभी होती, हाताला पीठ, धापा टाकत, आणि तिच्यामागे नवशी मावशी.

जिवली माझ्याकडे बघत नव्हती. ती धाकलीच्या डाव्या कानाकडे बघत होती. कानाच्या पाळीवर कोळशाची रेघ होती. बारीक, सरळ, चुकू नये म्हणून दोनदा ओढलेली.

"तुझ्या पन कानावर हाय," नवशी मावशी मला म्हणाली.

नवशी मावशी कमी बोलते. घरी आल्यावर तिनं झोळी कशानं बांधलीय ते बघितलं, चूल बघितली, बाहेर काबरीच्या गळ्यातलं नायलॉन बघितलं आणि मटकन बसली.

"सोनीबाईच्या दाव्यानं पोर टांगलं गं तू?"

"मऊ होतं म्हणून," जिवली म्हणाली.

"तिचं पयलं बाकी हाय. करडू मेलं ते धरत नाय. त्याच्यामागून दाव्यात जिवंत आलं ते हीच. ती तिचं पयलं सांभाळते. तुझ्याकडं ठेवलंय, कायद्यानं. अंगावर पितंय तवर तुझ्याकडं."

"आन् पाला खायला लागलं की?"

 जिवलीनं धाकलीचा कान पदरानं पुसला. रेघ गेली नाही. तेलानं पुसला, राखेनं पुसला. कान लाल झाला, रेघ तशीच.

"मावशी," मी म्हणालो, "माझ्याबाबतीत काय? मी तर जेवतो."

"तू कसला, तू तर पाला पन खाशील." तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पयलं नेल्याबिगर ती दुसऱ्याच्या कानाला पातं लावत नसे. पोर गेली की तुझा नंबर."

मी मनातल्या मनात धाकलीला दीर्घायुष्य चिंतलं.

दावं आम्ही त्याच दिवशी सोडलं आणि चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी झोळी त्याच दाव्यानं बांधलेली होती, आणि गाठ आमची नव्हती. भगताकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तांदळाचे दाणे मांडले, परत गोळा केले. "भूत असतं तर काढलं असतं," म्हणाला. "हा व्यवहार हाय. ह्यात मी पडत नाय."

मग जिवली म्हणाली, मालकीण नसली तर वारस असतो. काबरी पुन्हा गाभण होती. काबरी, पोटातलं, सगळं बाबल्याला देऊन टाकू, आमचं काही नको, फक्त तुझ्या मावशीचा वाटा मिळाला एवढं म्हण. आम्ही सरावलीला गेलो. बाबल्यानं आम्हाला अंगणात येऊ दिलं नाही. काबरीला बघून दोन पावलं मागे सरला.

"नको, नको. मी टेम्पोभर आणल्या होत्या ना? दुसऱ्या दिवशी एक नाय. दोऱ्या खुंट्याला तशाच, गाठी न सुटलेल्या, नुसता वळसा रिकामा." त्यानं आवाज खाली आणला. "माझी मावशी जिवंतपणी मला मालक म्हनली नाय. आता काय म्हनंल?"

"दार तरी परत कर," मी म्हणालो.

"दार घेऊन जा," तो लगेच म्हणाला. "दार रात्री आपोआप उघडतंय."

आम्ही दारही घेतलं नाही.

फाल्गुन लागला. पाड्यात पोरं शिमग्याची लाकडं गोळा करायला लागली. धाकली बसायला लागली आणि भाकरी दिसली की हात पुढं करायला लागली. जिवलीनं घरात तिच्यासमोर जेवणं बंद केलं. आम्ही दोघं आळीपाळीनं घरामागे जाऊन, चोरासारखं, भिंतीकडे तोंड करून जेवायचो. पोरगी वास घ्यायची आणि रडायची. जिवली तिला पाजायची, पाजता पाजता स्वतः वाळत चालली होती. तिच्या गालांची हाडं दिसायला लागली आणि पोरीचे गाल फुगत होते. दुपारी पोरगी टेकाडावरून यायची ती तृप्त होऊन, आणि आईकडे अशी बघायची की ही कोण बाई.

हे शेवटचं मला जिवलीनं सांगितलं. सांगताना ती भांडी घासत होती आणि एकच भांडं घासत राहिली.

इकडे सुषमाताईंचं वेगळंच. पोरीला सहा महिने झाले, आता वरचं अन्न सुरू करायचंच, असा त्यांचा नियम. अंगणवाडीत कार्यक्रम ठेवलेला, फलक लावलेला, रांगोळी काढलेली. जिवली गेली नाही. ताईंनी निरोप पाठवला. जिवलीनं उलट निरोप पाठवला, पोरगी झोपलीय. दुसऱ्या निरोपालाही पोरगी झोपलेलीच होती.

"एवढी चांगली केस," ताई मला रस्त्यात म्हणाल्या, "आणि आईच आडमुठी. तुझी बहीण कुणाचं ऐकते?"

"सध्या कुणाचंच नाय, ताई. कायद्याचं ऐकते."

"मग कायद्यानंच सांगते," म्हणून त्या गेल्या.

आणि एका सकाळी त्या स्वतः आल्या. जिवली घरामागे काबरीला पाणी दाखवत होती. मी अंगणात होतो आणि ताईंना चहा विचारत होतो, म्हणजे त्या आत जाणार नाहीत. पण त्या बोलत बोलत आत गेल्या. पर्समधून डबा काढला. धाकली झोळीतून उठून बसली होती, तोंड उघडून. ताईंनी शासनाच्या वतीनं तिच्या तोंडात बोटभर खिमटी घातली.

धाकलीनं ती गिळली. मग हसली. ताईंनी फोटो काढला.

जिवली दारात आली तेव्हा तिनं फक्त पोरीची हनुवटी बघितली. तिथं पिवळी खिमटी लागली होती.  ताई "बघ, किती आवडलं!" म्हणाल्या आणि दुसऱ्या घराकडे गेल्या.

दुपार व्हायला थोडाच वेळ होता.

जिवली मट्‌कन बसली नाही, रडली नाही. तिनं ट्रंकेतून आपलं जुनं लुगडं काढलं, लग्नातलं, फाडलं, आणि चिंध्यांचं दावं वळायला लागली. मांडीवर, सरासरा. मी तिला असं वळताना कधी बघितलं नव्हतं.

"बाय, काय करतेस?"

"सोनीबाई बकरी कुणाला द्यायची?"

"अडलेल्या बाईला."

"मग पाड्यात सगळ्यात अडलेली बाई कोण?"

मी विचार केला. "तू."

"माझ्याकडं घर हाय, दार हाय. नवरा हाय, पान्यावर का असंना. बकरी हाय. तू हायस, आता त्याचं काय करनार." तिनं गाठ आवळली. "तिच्याकडं काय हाय?"

एवढ्यात झोळी हलकी झाली. माझ्या डोळ्यांवर झापड आलीसुद्धा नव्हती. मी बघत होतो. कापडात पोरीचा आकार होता, आणि मग तो आकार हळूहळू सैल पडला, जसं कुणी घडी मोडावी.

जिवली काबरीला घेऊन टेकाडाकडे धावली. मी तिच्यामागे. काबरी चढावर ओरडत होती आणि वर कुठंतरी दगडावर पातं घासल्याचा आवाज येत होता. लांब, सावकाश, पाणी घालून घालून घासतात तसा. आम्ही चौकटीपाशी पोचलो आणि आवाज थांबला.

गोठ्यात धाकली पाल्यावर बसली होती. कमरेला अंबाडीचं दावं, सैल वेढा घातलेला. दगड ओला होता. पातं त्याच्यावर ठेवलेलं, पात्याच्या कडेला उन्हाची रेघ. टांगलेल्या डहाळ्या हलत होत्या, वारा नसताना, जिथं जिथं चावल्या जात होत्या तिथं. चावण्याचा आवाजही येत होता. चहूबाजूंनी, शांतपणे, रिकाम्या गोठ्यात कितीतरी तोंडं पाला खात होती.

जिवली आत गेली. पोरीकडे बघितलंही नाही. पोरीनं हात वर केले तरी नाही. तिनं काबरीच्या गळ्यातलं नायलॉन काढून फेकलं, लुगड्याचं दावं बांधलं आणि दाव्याचं टोक हातावर घेऊन हात पुढं केला. समोर कुणी नव्हतं.

"सोनीबाई," ती म्हणाली, "तुझ्याकडं काय नाय. दार नाय, चूल नाय, भाचा असून नसल्यासारखा. रेशन कार्डावर नाव नाय. ह्या पाड्यात तुझ्याएवढी अडलेली कोन नाय. ही काबरी घे. गाभन हाय. वाट्यानं देते. दूध तुझं, लेंड्या तुझ्या."

चावण्याचे आवाज थांबले. सगळे एकदम.

"पन कायदा सांगते," जिवली म्हणाली. "तुझ्या गोठ्यात पयलं जे हाय ते माझं. मी देनारी. मी मालकीन."

 काबरी डोळे मोठे करून उभी होती. तिचे कान मागे गेले. मग तिच्या मानेवरचे केस दबले. दबलेली जागा पाठीवरून मागे सरकत गेली, सावकाश, शेपटीपर्यंत, आणि काबरीनं डोळे मिटले. जिवलीच्या हातावरचं दावं उचललं गेलं.

व्यवहार झाला.

जिवली खाली बसली. धाकलीच्या कमरेचं अंबाडीचं दावं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं. गाठ लगेच सुटली. पोरीला उचलून छातीशी घेतलं आणि मगच तिला बघितलं. कानावर रेघ नव्हती. लाल झालेला कान तेवढा होता, आम्हीच घासून घासून केलेला.

"चल," ती मला म्हणाली.

"बाय," मी म्हणालो, "आन् मी?"

ती चौकटीत थांबली. पोरीच्या डोक्यावर हात, उन्हात डोळे बारीक केलेले. माझ्याकडे बघितलं. माझी बहीण माझ्यावर जीव टाकते, हे तुम्ही लक्षात ठेवा.

"पयलं मालकिनीचं," ती म्हणाली. "पुढचं सगळं सांभाळनारीचं. कायदा मी केला नाय, नव्या."

"मी तुझा भाऊ हाय!"

"म्हनून तर सांगते. पळ."

मी पळालो. टेकाड उतरून, ओढा ओलांडून, जिवलीच्या आधी घरी. सगळं अंग चाचपलं, काही नव्हतं. तोंड धुवायला वाकलो तेव्हा हंड्यातल्या पाण्यात दिसलं. डाव्या कानाला चीर होती. स्वच्छ, सरळ. रक्त नाही, दुखणं नाही.

तर पोरगी बहिणीकडेच राहिली. आता वरण-भात खाते, नागलीची भाकरी खाते, माती खाते, आणि दुपारी झोळीत नायलॉनच्या करकरीवर खुशाल झोपते. वजन थोडं उतरलं म्हणून सुषमाताई नाराज आहेत. आधी काय देत होतीस तेच चालू ठेव, असं त्यांचं म्हणणं. जिवलीच्या गालांची हाडं अजून दिसतात. चहा बिनदुधाचा असतो. रघ्याचा फोन आला तेव्हा त्यानं बकरीची चौकशी केली.

"वाट्यानं दिली," जिवली म्हणाली.

"कुनाला?"

"अडलेली बाई होती एक."

"बरं केलंस," रघ्या म्हणाला. "पुन्य लागंल."

पाडव्याच्या सुमाराला खालच्या अंगाच्या शितलच्या दारात एक तरणी बकरी बांधलेली सापडली. शितलचा नवरा वापीला गेला तो परत आलेला नाही. बकरीच्या गळ्यात अंबाडीचं नवं दावं, डावा कान चिरलेला. सगळा पाडा जमला. बकरी कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. शितलनं थोडा वेळ बकरीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि पाठीवरून हात फिरवला. घरात दुसरी दोरी आहे ना, एवढं नवशी मावशीनं विचारून घेतलं.

माझं म्हणाल तर मी अच्छाडला परत गेलो होतो. ढाब्यावर दुपारी रोट्या वाढत होतो. चौथ्या टेबलाकडे निघालो आणि पोचलो टेकाडावर, हातात कोयता, उंबराच्या झाडाखाली. तेव्हापासून रोज हेच आहे. डहाळ्या तोडायच्या, टांगायच्या, दगडावर पाणी घालून ठेवायचं. दूध मिळतं. हात फिरवला जातो. कामाबद्दल तक्रार नाही. पण परवा दुपारी तिथून उठलो तर हातातली डहाळी अर्धी संपलेली होती आणि आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून हा अर्ज, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, खाली सही करणारा अर्जदार नविन, वय बावीस, शिक्षण बारावी पास, मु. रानशेत, ता. डहाणू, जि. पालघर, हा दोन पायांचा असून त्याच्या डाव्या कानावरील चीर ही केवळ व्यवहारातील गैरसमजातून पडलेली आहे. तरी आपल्या कार्यालयामार्फत अर्जदाराची समक्ष तपासणी होऊन अर्जदार हा करडू नसल्याबाबतचा दाखला सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा, आणि सदर दाखल्याची एक प्रत मयत सोनीबाई यांना त्यांच्या राहत्या गोठ्यात, भर दुपारी, हातोहात देऊन त्यांची पोच घेण्यात यावी, ही नम्र विनंती.